टिकल्यांचा नकाशा

“माझी टिकल्यांची पाकिटं कुणी घेतली?” आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“मी घेतलीत, आई,” रेवती पुढच्या खोलीतून म्हणाली.

“कशाला? कोण आलंय?”

“कुणी नाही. गोगलगायींना लावतेय.”

मी जेवत होतो. घास हातातच राहिला. आई पळी घेऊन बाहेर गेली, तसा मीही ताट ठेवून मागं गेलो. रेवती स्टुलावर उभी होती. समोरच्या भिंतीवर तिनं नगरपालिकेतून मिळवलेला गावाचा मोठा नकाशा चिकटवला होता, आणि ज्या ज्या घरात गोगलगायी निघाल्या त्या त्या घरावर एकेक लाल टिकली लावत होती.

“अगं, सवाष्णीच्या कपाळाची वस्तू ती,” आई म्हणाली. “आणि तू त्या शेंबड्या किड्यांना लावतेस?”

“किडे नाहीत ते, आई. मृदुकाय आहेत.”

“काय असतील ते असोत. शेंबूड आहे की नाही?”

“शेंबूड आहे,” रेवतीनं मान्य केलं.

रेवती माझी बायको. ती जाऊन आता दोन वर्षं होतील. हे सांगतोय ते त्याच्या बरंच आधीचं, आई होती तेव्हाचं. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, अजूनही आहे. रेवती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. आमचं लग्न ठरवून झालं. बघायला गेलो तेव्हा तिनं मला एकच प्रश्न विचारला, “घरात गोगलगायी आणल्या तर चालतील का?” मला वाटलं चेष्टा करतेय. मीही हसत हो म्हणालो. चेष्टा नव्हती.

परक्या मुलखातला जीव नव्या जागी कसा पोचतो, तिथं कसा पसरतो आणि येताना कोणता रोग घेऊन येतो, हा तिच्या अभ्यासाचा विषय. त्यातही आफ्रिकेतून आलेली मोठी गोगलगाय. मुठीएवढी होते, पपईपासून झेंडूपर्यंत काहीही खाते आणि खायला काही नसेल तर भिंतीचा चुना चाटते. कोकणातून आणलेल्या काही गोगलगायी तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेट्यांत ठेवल्या होत्या. प्रत्येकीच्या शंखावर रंगानं खूण केलेली. सुट्टीच्या दिवशीही त्यांना काकडी घालायला जायची. सणाच्या दिवशी मी म्हणायचो, “आज त्यांना पुरण नाही का?” तर म्हणायची, “मीठ लागत नसेल ना पुरणात, तर द्या.”

त्या वर्षी आषाढात आमच्या गावातच ह्या गोगलगायी निघाल्या. आज ह्या गल्लीत, उद्या त्या गल्लीत. सकाळी उठावं तर न्हाणीच्या भिंतीवर, तुळशीच्या कुंडीवर, वाळत घातलेल्या फडक्यावर गोगलगाय. आमच्याही परसात निघाल्या. मागच्या भिंतीचा चुना त्यांनी असा खाल्ला की भिंतीवर कुणी नखांनी ओरबाडल्यासारखं दिसत होतं. आईनं ते बघून आधी मला विचारलं, “तू गवंड्याचे पैसे दिले नव्हतेस का?”

इथवर हसण्यावारी चाललं होतं. मग ढवळेवहिनींच्या नातवाला ताप आला. त्या पोरानं आदल्या दिवशी गोगलगायी गोळा करून त्यांची शर्यत लावली होती. रेवतीनं घरोघर सांगून ठेवलं होतं की ह्यांना उघड्या हातानं धरू नका, ह्यांच्या चिकट पाण्यातून मेंदूचा आजार होऊ शकतो. ते सगळ्यांना त्या दिवशी आठवलं. पोराचा ताप शेवटी टायफॉइडचा निघाला आणि तो बराही झाला. पण तोवर गावानं निकाल लावून टाकला होता. मॅडमनी प्रयोगाला गोगलगायी आणल्या, त्या सुटल्या आणि गावभर झाल्या.

नगराध्यक्ष पोपटराव गिड्ड्यांनी सोमवारी सभा बोलावली. कॉलेजच्या प्राचार्यांनी रेवतीला बोलावून सांगितलं, “गोगलगायी आपल्या इथून गेल्या नाहीत हे सभेत दाखवून द्या. नाहीतर मला प्रयोगशाळेला कुलूप लावावं लागेल आणि पेट्या नष्ट कराव्या लागतील.” तिची पीएचडी त्या पेट्यांत होती. आमच्या लग्नानंतरची सगळी वर्षं त्या पेट्यांत होती म्हटलं तरी चालेल.

म्हणून तो नकाशा.

“काही कळतंय का?” मी विचारलं.

“नाही ना,” ती स्टुलावरून उतरत म्हणाली. “गोगलगाय पसरते ती शेजारच्या घरी. मग त्याच्या शेजारी. नाहीतर ओढ्याच्या कडेनं, नाहीतर बाजारातून भाजीबरोबर. इथं बघा. ह्या गल्लीत सलग सगळ्या घरांत आहेत. लगेच मागच्या गल्लीत एकही नाही. आणि मग एकदम टेकडीवरच्या कॉलनीत. मधलं सगळं ओलांडून ती तिकडं गेली कशी?”

“रिक्षानं,” मी म्हणालो.

तिला हसू आलं नाही. ती हळूच म्हणाली, “आपल्या परसात आहेत. माझ्या पिशवीतून, चपलेतून आल्या असतील तर? लोक म्हणतात तसंच असेल तर?”

म्हणजे तिलाही तीच भीती होती. गावाला ती ठामपणे नाही म्हणत होती, आणि रोज घरी आल्यावर दारात चपला उलट्या करून बघत होती. मी ते बघितलं होतं, पण मला वाटलं होतं की चिखल झाडतेय.

आई तेवढ्यात उरलेल्या टिकल्या वाचवायला पुढं झाली. पाकीट हातात घेतलं आणि नकाशाकडं बघत उभी राहिली. तिला नकाशा वाचता येत नव्हता. पण मी बोट ठेवून दाखवलं, हे देऊळ, हा एसटी स्टँड, ही आपली गल्ली. मग तिनं स्वतःच बोट फिरवायला सुरुवात केली.

“ही ढवळ्यांची. ही मगदुमांची. ही त्या शिंपिणीची. कॉलनीत ही कोण? तलाठ्याची बायको होय? बरोबर.” आईचा चेहरा उजळला. “अगंबाई, ह्या तर सगळ्या माझ्याच बायका आहेत.”

“तुमच्या म्हणजे?” रेवतीनं विचारलं.

“आपल्या हळदीकुंकवाच्या गं. एकसुद्धा चुकली नाही.”

रेवतीनं नकाशावर बोट ठेवलं. “आणि ही मागची गल्ली मोकळी कशी?”

“त्या गल्लीत मी पाऊल टाकत नाही. त्या पवारणीनं माझी परात नेली ती दिली नाही. मागायला गेले तर म्हणते, परात माझीच.”

“तिला बोलावलं नव्हतं?”

“तिला? तिच्याबरोबरच्या चौघींनाही नाही. सगळ्या परातीच्या वेळी तिच्या बाजूनं होत्या.”

रेवती स्टुलावर बसली. “आई,” ती म्हणाली, “संक्रांतीला वाण काय दिलं होतं आपण?”

“विसरलीस? अनंताची रोपं नाही का? कोकणातनं, तुझ्या मावससासऱ्यांच्या परड्यातनं आणली होती, पिशव्यांतनं. ढवळी दरवर्षी प्लास्टिकच्या साबणदाण्या देते. मी म्हटलं आपण झाड देऊ. वर्षभर नाव घेतील.”

“घेतायत,” मी म्हणालो.

रेवतीनं माझ्याकडं असं बघितलं की मी जेवायला परत गेलो.

इथं आमच्या हळदीकुंकवाबद्दल सांगायला हवं. वडील जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. त्यामुळं हळदीकुंकू रेवतीच्या नावाचं असायचं. पण नाव सोडलं तर सगळं आईचं. कुणाला बोलवायचं ती ठरवायची, बोलवायला ती जायची, वाण ती आणायची, मसाला दूध ती आटवायची. आणि बायका यायच्या वेळेला ती आत जाऊन बसायची. पुढं रेवती कुंकू लावायची आणि आई दारामागून सांगत राहायची, “अत्तर राहिलं,” “तिला तिळगूळ दिलास का,” “ओटी नीट भर.” आत बसलेली बाई सगळं चालवतेय हे प्रत्येकीला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मलाही त्यात कधी काही वाटलं नव्हतं. रेवती गेल्यावर मला कुणी आत बसवलं नाही. लग्नांना बोलावतात, पुढच्या खुर्चीवर बसवतात, नवरानवरीच्या डोक्यावर अक्षता टाकायला सांगतात. तेव्हा कुठं मला आईचं ते दारामागचं पाट ठेवून बसणं आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवती परसातली अनंताची कुंडी उपडी करून बसली होती. आमच्या गावची माती काळी. कुंडीतल्या काळ्या मातीत मुळांभोवती नारळाएवढा तांबड्या मातीचा गोळा होता. तिनं तो फोडला. आत साबुदाण्याएवढी रिकामी टरफलं होती.

“अंडी,” ती म्हणाली. “उबून फुटलेली. पिल्लं उन्हाळाभर शंखाच्या तोंडाला पडदा लावून मातीत झोपतात. पाऊस पडला की उठतात. मावशींच्या गावात ही पोचलीय हे मलाच माहीत नव्हतं.”

“म्हणजे तुझ्या पेट्यांतून नाही आल्या.”

“नाही.”

“मग सुटलीस की. सोमवारी सांगून टाक.”

“काय सांगू? माझ्या सासूनं गावाला वाटल्या?”

मी विचार केला. “नारळाचा ट्रक आला होता म्हण. ट्रकवाला कुठं भांडायला येतोय?”

“आणि पुढच्या संक्रांतीला परत कुणी झाडं वाटली तर? मातीसकट? अहो, वाण काय फक्त गावातल्यांनी नेलंय का? लेकी नेऊन सासरी लावतात. तिकडं शेतं आहेत. सोयाबीन उगवून वर आलंय आत्ता. आत्ताच्या आत्ता ती रोपं शोधून काढली नाहीत तर कुणाच्या रानात काय होईल?” ती उठली. “खरं सांगायचं. पण आईंचं नाव नाही. हळदीकुंकू माझं होतं. कुंकू मीच लावलं ना सगळ्यांना? मग चूक माझी.”

“मग कुलूप तरी कसलं चुकतंय? पेट्यांतून गेल्या काय आणि वाणातून गेल्या काय, मॅडमच.”

“ते बघू.”

“आईला कळलंय का?”

“नाही. त्यांना सांगायचंही नाही. वर्षातून एकदा ती बाई खूश असते.”

सभेला जाऊ नको असं मी आईला सांगितलं. तिनं इस्त्रीची साडी काढली. “माझ्या सुनेला चार लोक बोलणार आणि मी घरात बसून काय करू? त्या किड्यांना ओवाळू?”

नगरपालिकेचा हॉल भरला होता. बायका एका बाजूला, त्यांच्यात शेवटी आई. पुढच्या रांगेत ढवळेवहिनी, मांडीवर बरा झालेला नातू पुरावा म्हणून घेऊन बसलेल्या. पोपटराव खुर्चीवरून पुढं झुकले.

“मॅडम, तुमच्या पेट्यांतल्या गोगलगायी पळाल्या असं लोकांचं म्हणणं आहे.”

“गोगलगायी पळत नाहीत, साहेब.”

“मग हळूहळू गेल्या असतील.”

हॉल हसला. पोपटरावांनी आपण काही मोठं बोलून गेलो अशा थाटात मिशीवर हात फिरवला.

“माझ्या पेट्यांतल्या सगळ्या जागेवर आहेत,” रेवती म्हणाली. “कुणीही येऊन बघा. प्रत्येकीच्या शंखावर खूण आहे.” मग तिनं पिशवीतून तो तांबड्या मातीचा गोळा काढून टेबलावर ठेवला. “ही माती कुठली, सांगाल का?”

पोपटरावांनी जरा दुरून बघितलं. “इथली नाही. कोकणातली वाटते.”

“अनंताच्या रोपाच्या मुळाशी होती. तिच्यात ही अंडी होती. ज्या घरांत गोगलगायी आहेत त्या प्रत्येक घरात अनंताचं रोप आहे. परवापासून मी सात-आठ घरी स्वतः उकरून बघितलंय. ती रोपं संक्रांतीला वाण म्हणून गेली.” तिनं हाताची माती झटकली. “माझ्या घरातून. हळदीकुंकू माझं होतं. मला कळायला हवं होतं. चूक माझी आहे.”

एकच गलका उठला. कुणी म्हणालं, “आम्ही म्हणत नव्हतो?” कुणी म्हणालं, “शिकलेल्या बाईनं असं करावं?” पोपटराव म्हणाले, “म्हणजे मॅडम, आणल्या तुम्हीच. पेटीतनं नाही, पिशवीतनं. एकूण एकच.” प्राचार्य माझ्या पुढं बसले होते. त्यांनी मान खाली घातली. कुलूप लागलं, असं मी मनात म्हटलं.

“खोटं बोलतेय ती.”

मागून आवाज आला. आई उभी राहिली होती. पदर खांद्यावरून पुढं घेतला होता.

“कोण खोटं बोलतंय, शेटेकाकू?” पोपटरावांनी विचारलं.

“ही. माझी सून. हळदीकुंकू हिचं नव्हतं. माझं होतं.”



ढवळेवहिनी मागं वळून म्हणाल्या, “काकू, तुमचं कसं असेल? तुम्ही तर...” पुढचा शब्द त्यांनी गिळला.

“तुझ्या दारात बोलवायला कोण आलं होतं?”

“तुम्ही.”

“दूध कुणी आटवलं होतं? दोन वेळा मागून प्यालीस ते?”

“ते तुम्हीच.”

“तिळगूळ? हिला पाक धरता येतो का? मागच्या वर्षी हिनं केला तो तुझ्या सासऱ्यांनी दगड म्हणून टाकला. सगळं मी करते आणि वर्षातनं एक दिवस आत बसते, म्हणून माझं ते हिचं झालं होय? वाण माझं होतं. रोपं माझ्या बहिणीकडची. मी निवडून आणली.”

“आई,” रेवती म्हणाली, “झाडं द्यायची कल्पना माझी होती.”

“तू प्लास्टिक नको म्हणालीस. झाड मी म्हटलं.”

“मी म्हटलं म्हणूनच तुम्ही...”

“हे बघ, दुसऱ्याच्या वाणावर आपलं नाव घालायचं नाही. चांगलं म्हणाले तेव्हा गप्प बसलीस, आता वाईट म्हणायला लागले तर तुझं कसं झालं?”

“तुम्ही बसा, आई.”

“तू बस. दिवसभर उभी आहेस.”

पोपटरावांनी टेबलावर हात आपटला. “अहो, दोघींपैकी कुणीतरी एकीनं घ्या की ती चूक! सभेच्या वहीत काय लिहू मी?”

“माझं नाव लिहा,” आई म्हणाली. “शेवंताबाई शेटे. स्वयंपाकघराला कुलूप लावायचं असेल तर लावा. मला तेवढीच सुट्टी.”

पहिल्यांदा मगदुमांची सून हसली. मग सगळा हॉल. प्राचार्य मान वर करून म्हणाले की प्रयोगशाळेचा ह्यात संबंध दिसत नाही. पोपटराव म्हणाले, बरं, मग आता ह्या गोगलगायींचं करायचं काय?

“वाण परत घ्यायचं,” आई म्हणाली.

आता हसणं थांबलं. दिलेलं वाण कुणी परत घेत नाही. मागणारीला बरं नाही आणि देणारीला त्याहून नाही. ढवळेवहिनींनी ते बोलूनही दाखवलं, “वाण परत घेतात का कुठं, काकू?”

“गोगलगायीचं वाण देतात का कुठं?” आई म्हणाली. “येत्या रविवारी माझ्या दारात हळदीकुंकू आहे. प्रत्येकीनं आपलं रोप मातीसकट घेऊन यायचं. एकेक स्टीलची वाटी देईन.”

घरी दारात आल्यावर रेवती म्हणाली, “तुम्हाला कधी कळलं?”

“नकाशापुढं. तू स्टुलावर बसलीस तेव्हा,” आई म्हणाली. “मला नकाशा कळत नाही. तुझं तोंड कळतं.”

पुढचे दिवस त्या दोघी स्कूटरवरून फिरल्या. पुढं रेवती, मागं आई, एका हातानं डोक्यावरचा पदर धरलेला आणि दुसऱ्यानं रेवतीला रस्ता दाखवत. कुठली बाई आपल्या जावेसाठी जास्तीचं रोप घेऊन गेली, कुणाच्या लेकीनं सासरी नेलं, हे आईला माहीत होतं. पत्ते नव्हते, नाती होती. “आक्काताईच्या नणंदेची सून” एवढ्यावर त्या दोन गावं पालथी घालून आल्या. एका ठिकाणी रोप सोयाबीनच्या बांधावरच लावलेलं होतं. रेवती म्हणाली, अजून आठवडा गेला असता तर रान हातचं गेलं असतं. आई म्हणाली, तुझी गाडी हळू चालते म्हणून उशीर होतो.

रविवारी फाटकापाशी मिठाच्या पाण्याचा मोठा टब ठेवला. रेवतीनं रबरी हातमोजे कोपरापर्यंत चढवले. मी म्हणालो, “मी बसतो टबापाशी. तू आत कुंकवाचं बघ.” तर म्हणाली, “तुम्ही सायकली नीट लावा. गल्ली अडते.” गल्लीत तीन सायकली होत्या. मी लावल्या.

बायका यायला लागल्या. नटून आलेल्या आणि हातात चिखलाची कुंडी. कुणी गोणपाटात, कुणी बादलीत. एकीनं रोप जरीच्या पिशवीत आणलं होतं, वाण म्हणून. रेवती रोप घ्यायची, उपटायची, माती टबात टाकायची आणि सांगायची, “नळावर साबणानं हात धुवा, मगच वर जा.” पायरीवर आई वाट्यांचा ढीग घेऊन उभी होती. शेजारी स्टुलावर हळदीकुंकवाचं तबक. चार-पाच बायका हात धुऊन तिथं थांबल्या, आणि पुढं काही होईना.

“रेवती,” आईनं हाक मारली, “ये की गं. बायका खोळंबल्या.”

“कशी येऊ, आई?” रेवतीनं दोन्ही हात वर केले. मोज्यांवरून चिकट पाणी ओघळत होतं. “ह्या हातांनी मी कुणाच्या तोंडाजवळ जाऊ? घरोघर मीच सांगत फिरले ना?”

“मोजे काढून ये.”

“काढले तर परत घालता येत नाहीत. आणि अजून निम्म्या बायका यायच्या आहेत.”

“मग लावायचं कुणी?”

“कुणाचे हात स्वच्छ आहेत ते बघा,” रेवती म्हणाली आणि पुढची कुंडी उपडी केली.

आईनं आपल्या हातांकडं बघितलं. मग आत दाराकडं. ती एक पाऊल मागं सरकली. रांगेत पहिल्या ढवळेवहिनी होत्या. त्यांनी आईकडं बघितलं, तबकाकडं बघितलं.

“शेटेकाकू,” ढवळेवहिनी म्हणाल्या, “माझं दूध गॅसवर आहे. लावा काय ते लवकर.” आणि त्यांनी कपाळ पुढं केलं.

आईनं आधी हळद लावली. मग कुंकवात बोट बुडवलं. कुंकू भुवईपासून पार नाकाच्या शेंड्यापर्यंत सांडलं. ढवळेवहिनींनी नाकावर बोट फिरवून बघितलं.

“आठ वर्षांचं एकदम लावलं होय, काकू?”

आई हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं दंडानं पुसलं, कारण बोटांना कुंकू होतं. “पुढची या,” ती म्हणाली. पुढची आली. मग तिच्या मागची. अर्ध्या तासात तिचा आवाज नेहमीसारखा झाला. “मान सरळ ठेव. तुझी वाटी घेतलीस का? दोन नाहीत, एकच.”

संध्याकाळी सगळ्या गेल्या. मी टब रिकामा करायला मागं नेला. न्हाणीच्या फळीवर हातमोज्यांची अजून दोन पाकिटं होती, न फोडलेली. मी ती घेऊन रेवतीकडं गेलो.

“मी बसलो असतो की टबापाशी. एवढे मोजे होते.”

“तुम्हाला गोगलगाय ओळखता येते?” तिनं मोजे काढत विचारलं.

“एवढी मोठी? न ओळखायला काय झालं?”

“आणि अंडी? आणि पिल्लं? शास्त्र आहे ते. कुणीही करायचं काम नाही.” ती माझ्याकडं न बघता हात धुवायला लागली. चांगला फेस काढून, नखांतून, मनगटापर्यंत धुतले. मग पदराला पुसले आणि पायरीकडं गेली.

आई तबक झाकत होती.

“आई, माझं राहिलं,” रेवती म्हणाली आणि कपाळ पुढं केलं.

आईनं झाकण काढलं. कुंकवात बोट बुडवलं आणि थांबली.

“हात धुतलेस?”

“दोनदा.”

“परत धू,” आई म्हणाली.